एकतीस दगडांची आंघोळ

आक्का कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी कोपऱ्यांकडे बघत, मग माणसांकडे. याचा कोणी राग धरला नाही, कारण कोपऱ्यांनंतर का होईना, माणसांकडे त्या नीट बघत. कोणाच्या सदऱ्याचे बटण लोंबते आहे, कोण सकाळपासून उपाशी आहे, कोण नुकते रडून आले आहे, हे त्यांना एका नजरेत कळे. केंद्राचे साहेब वयाने त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे, तरी तेही त्यांना आक्काच म्हणत. आक्का ओले फडके घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि "साहेब, पाय" एवढेच म्हणाल्या, की साहेब मुकाट्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेत आणि फरशी वाळेपर्यंत मांडी घालून कागद वाचत बसत.

हे केंद्र म्हणजे काठावरच्या चार खोल्या. काठ कशाचा, तर एका अवाढव्य वाटीचा. फार फार वर्षांपूर्वी, माणूस तर सोडाच, गवतही जन्माला यायचे होते तेव्हा, आकाशातून एक धोंडा येऊन इथे आदळला आणि जमिनीला ही वाटी पडली. या काठावरून त्या काठाला जायचे तर सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. तळाशी नुसते गवत आणि बरोबर मधोमध एक टेकाड. पाहुणे हमखास विचारत, खड्डा पडला तर मधे टेकाड कसे? त्यावर साहेब सांगत, "पाण्यात खडा टाकला की मधलं पाणी उसळून वर येतं ना, तसं इथं जमिनीचं झालं. फरक एवढाच, पाणी परत खाली बसतं, जमीन तशीच राहिली." हे वाक्य आक्कांनी बावीस वर्षांत इतक्या वेळा ऐकले होते, की साहेबांचा घसा बसला असला तर पाहुण्यांना त्याच सांगत, आणि पाहुणे म्हणत, बाईंनी चांगलं समजावलं.

पुढच्या खोलीत काचेची कपाटे होती आणि त्यांत इथले दगड. त्या दगडांना पुस्तकात लांबलचक नावे आहेत, पण आक्कांची स्वतःची नावे होती. वेगवेगळ्या दगडांचे तुकडे एकमेकांत शिजून घट्ट बसलेला, तो ठिगळ्या. वितळून काचेसारखा झालेला, तो काजळमणी. आणि सगळ्यांत लाडका तो पंखा. या दगडाच्या अंगावर एका टोकातून निघालेल्या बारीक रेघा खाली पसरत गेलेल्या असतात, अगदी उघडलेल्या पंख्यासारख्या. असा दगड फार मोठा धक्का बसल्याशिवाय होत नाही. आक्कांचे यजमान आयुष्यभर विहिरी खोदत आले. सगळे त्यांना विहीरवालेच म्हणत. ते पहिल्यांदा कपाटासमोर उभे राहिले तेव्हा काचेला नाक लावून वाकले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं सुरुंग लावले. माझा एकही दगड असा देखणा फुटला नाही."

आक्कांचा अभिमान म्हणजे त्या काचा. शाळेच्या सहली येत आणि पोरे काचांवर, भिंतींवर, दारांवर पेनाने काहीबाही गिरवून जात. नावे, बाण, बदाम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले काहीही शिल्लक नसे. कुठली शाई साबणाने जाते, कुठलीला सोडा लागतो आणि कुठली नुसत्या कोरड्या फडक्याला घाबरते, हे आक्कांना पाठ होते. "माझ्या हाताखालून शाई वाचून गेली नाही," असे त्या म्हणत, आणि ते खरे होते. पुढे जे घडले ते त्यामुळेच.

त्या वर्षी केंद्रात एक पोरगी राहायला आली होती. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिला पंख्यांचा अभ्यास करायचा होता. आक्का तिला पहिल्या दिवसापासून "पोरी" म्हणू लागल्या आणि आठवड्याभरात साहेबही. ती पहाटे उठून टेकाडावर जाई, संध्याकाळी गुडघ्यापर्यंत मातीने माखून येई आणि मागच्या दारातच बूट काढून हातात घेई. ही एक गोष्ट पाहिली आणि आक्कांनी तिला आपली मानली.

"आई कुठं असते गं तुझी?"

"लांब आहे, आक्का. फोनवर रोज विचारते, काय खाल्लंस."

"मग काय सांगतेस?"

"खोटं."

त्या दिवसापासून पोरीच्या डब्यात आक्कांच्या घरचे दोन घास जास्त पडू लागले.

पोरीला सरकारी परवाना मिळाला होता तो मोजून एकतीस दगडांचा, तोही एकदाच. टेकाडावरून एकतीस पंखे उचलायचे, गाडीने दूरच्या प्रयोगशाळेत न्यायचे, त्यांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. याआधी जे संशोधक आले ते दगड तिथेच पोत्यांत भरून परस्पर घेऊन जात, त्यामुळे आक्कांनी कपाटाबाहेरचा दगड कधी जवळून पाहिला नव्हता. या वेळी पोती आली नाहीत. म्हणून पोरीने एकेक दगड जीपने आणून मागच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवला. शनिवारी गाडी येणार होती.

सोमवारी संध्याकाळी शेवटचे चार दगड घेऊन ती आली ती तापाने फणफणलेली. आक्कांनी तिला गोळी दिली, पांघरूण घातले आणि दम भरला, "उद्या अंथरुणातून पाय खाली टाकलास तर बघ." मंगळवारी पोरगी दिवसभर झोपून राहिली.

आणि मंगळवारी सकाळी आक्का झाडू घेऊन मागच्या व्हरांड्यात गेल्या.

एकतीस दगड. अंगावर माती, शेवाळ, कोळ्याची जाळी, वाळलेले गवत. आणि त्या मातीवर काळ्या शाईने काहीतरी गिरवलेले. आक्कांना गहिवरून आले. एवढी लेकरासारखी पोर, एकटी, तापात पडलेली, आणि हे सगळे तिने परत उठून साफ करायचे? त्यांनी पदर खोचला.

तो दिवस त्यांच्या आयुष्यातला एक चांगला दिवस होता, हे त्यांनी नंतरही कबूल केले. काथ्याचा ब्रश, सोडा, आणि रेघांमधली माती काढायला जुना टूथब्रश. एकाची घाण दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येक दगडाला नवीन बादली. दगड मांडीशी घ्यायचा, सगळ्या अंगाने घासायचा, पाणी ओतायचे, आणि मग मातीखालून त्या रेघा उमटत येत. दगड सगळ्यांत लहान तो दोन मुठींएवढा, सगळ्यांत मोठा तो हंड्याएवढा. तो हंडा धुवायला घेतला तेव्हा उन्हे उतरली होती. सगळे वाळल्यावर आक्कांनी ते भिंतीशी ओळीने लावले. अर्थातच लहानापासून मोठ्यापर्यंत, फळीवर भांडी लावावीत तसे.

बुधवारी सकाळी पोरगी उठली, ताप उतरला होता. ती मागच्या दारात आली आणि उभीच राहिली.

"बघ," आक्का म्हणाल्या. "आता कसे दगडासारखे दगड दिसतात."

पोरीने एक दगड उचलला. उलटा केला. परत सुलटा केला. दुसरा उचलला. मग दोन्ही खाली ठेवले, अगदी हलक्या हाताने.

"तुम्ही एकट्यांनी केलंत सगळं?"

"मग काय सैन्य बोलावू?"

"खूप छान झालेत, आक्का," ती म्हणाली. आक्कांच्या गळ्यात पडली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले.

आक्कांना वाटले, अजून अशक्तपणा असेल. तासाभराने त्या फडके घेऊन साहेबांच्या दारात गेल्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले आणि कागदात डोके खुपसले. बावीस वर्षांत साहेबांनी आपण होऊन पाय वर घेतले नव्हते. काहीतरी बिनसले आहे हे आक्कांना तिथेच कळले, पण काय ते कळेना. दुपारी पोरीच्या खोलीबाहेर ठेवलेला डबा त्यांनी उचलला तर तो जसाच्या तसा भरलेला.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळे सांगितले. विहीरवाले गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शाईनं गिरवलेलं म्हणतेस. काय गिरवलं होतं?"

"काय असणार? रेघोट्या. बाण. आकडे."

तेलाचा हात हवेतच थांबला. "बाण?"

"हो, प्रत्येकावर एक. का?"

"अगं, जुनी विहीर उसवून परत बांधायची असली की आम्ही काय करायचो? दगड काढण्याआधी त्याच्यावर खूण करायचो. कोणतं अंग वर, कोणतं पाण्याकडे. खूण गेली की दगड गेला. नुसता धोंडा उरतो." ते आक्कांकडे वळले. "त्या पोरीला बघायचं असणार धक्का कुठून आला ते. पंख्याचं टोक जमिनीत कुणीकडे होतं ते कळलं, तरच ना? लोक म्हणतात काळ्या दगडावरची रेघ. तू ती पण पुसून दाखवलीस!"

एरवी अशा बोलण्याला आक्कांकडे तीन उत्तरे तयार असत. आज बसल्या जागेवरून त्या उठल्या, चपला उलट्या पायांत घातल्या, तशाच केंद्रावर गेल्या आणि पोरीच्या दारावर थाप मारली.

"उघड. मला कळलंय."

पोरीचे डोळे सुजले होते. टेबलावर वही उघडी होती. पानोपानी आकडे, टेकाडाचे छोटे नकाशे, प्रत्येक दगडापुढे बाणाची दिशा. सगळे बिनचूक. फक्त कोणता दगड कोणत्या आकड्याचा, हे आता कोणालाच माहीत नव्हते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही इतक्या मायेनं..."

"माया गेली चुलीत! परत दुसरे दगड आणता येतील?"

"नाही. परवाना एकदाच. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, पण माझी मुदत याच वर्षी संपते." तिने वही मिटली. "तीन वर्षांचं काम आहे, आक्का. पण तुमच्यावर कोणी ओरडायचं नाही, असं मी साहेबांना सांगितलंय. चूक माझी आहे. मी दारावर चिठ्ठी लावायला हवी होती."

आक्का खाली बसल्या. बावीस वर्षांत त्यांच्यावर कोणी ओरडले नव्हते, आणि आज पहिल्यांदा त्यांना वाटले, कोणी ओरडले असते तर बरे झाले असते. ही पोर स्वतःचे नुकसान गिळून आपल्यालाच जपते आहे, हे त्यांना सोसवेना. त्या उठून व्हरांड्यात गेल्या, ओळीतला एक दगड मांडीवर घेतला आणि सवयीने त्यावरून हात फिरवला.

हात एका जागी थांबला.

"पोरी, इकडे ये. याच्या या अंगाला शेवाळ होतं. हिरवं नाही, करडं, खरखरीत. अर्ध्यापर्यंतच होतं. मग एक पांढरी रेघ, आणि रेघेखाली लाल माती."

पोरगी दारात उभी होती. "काय म्हणालात?"

"आणि हा," आक्कांनी दुसरा घेतला. "याला शेवाळ नव्हतंच. याच्या पोटाला मुंग्यांची अंडी होती, मला वाईट वाटलं होतं. पाणी पिवळं निघालं. लाल नाही, पिवळं. अगं, एकेकाला मी अंगाखांद्यावरून घासलंय. लेकराला न्हाऊ घातल्यावर त्याच्या अंगावरचा तीळ कुठं आहे हे आई विसरते का?"

पोरगी धावत जाऊन वही घेऊन आली. लाल माती टेकाडाच्या पूर्वेला होती आणि पिवळी पश्चिमेला. शेवाळ दगडाच्या उघड्या अंगाला धरते, मातीत पुरलेल्या अंगाला नाही. आणि जिथे जमीन सुरू होते तिथे ती पांढरी रेघ. दगड उचलल्यावर पडलेले खड्डेही टेकाडावर तसेच होते, प्रत्येकाशेजारी आकड्याची लाकडी खुंटी. ते बुजवायचे राहिले होते, तापामुळे.

"खड्ड्यात दगड बसवून बघता येतील," पोरगी हळूच म्हणाली, जणू मोठ्याने बोलले तर ते खोटे ठरेल. "बसला तर वहीतल्या दिशेनं परत बाण काढता येईल."

"मग इथं काय करतेयस? साहेबांना जीप काढायला सांग."

गुरुवार आणि शुक्रवार, दोन दिवस टेकाडावर जी वरात चालली तिची आठवण साहेब अजून काढतात. साहेबांनी जीप चालवली आणि दगडही वाहिले. विहीरवाले गुडघे दुखत असूनही हट्टाने आले, काठी टेकत टेकाडाच्या कुशीला एका खडकावर बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. आक्का तर बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटीत उतरल्या होत्या. तळाशी उभ्या राहून त्यांनी सभोवार वर गेलेला काठ पाहिला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे झाडायचं म्हटलं तर जन्म जाईल."

काम असे चाले. आक्का दगड हातात घेत, डोळे मिटत, आणि सांगत. "शेवाळ इथंपासून इथं. पाणी लाल. या खोबणीत गवताचं मूळ अडकलं होतं, ते मी सुईनं काढलं." मग पोरगी वही बघून दोन-तीन खुंट्या सांगे. साहेब दगड उचलून एकेका खड्ड्यात ठेवून बघत. चुकीच्या खड्ड्यात दगड डगमगे. बरोबर खड्ड्यात ठेवला की नुसता जरासा फिरवायचा अवकाश, तो खाली सरकून असा बसे की बोट घालायला फट राहत नसे. एका खड्ड्यात तर तुटलेले मूळ अजून बाहेर डोकावत होते. दगड त्यात बसल्यावर मुळाचे टोक बरोबर खोबणीशी आले. पोरीने टाळ्या पिटल्या. साहेबांनी कंबर धरत विचारले, "आक्का, यापेक्षा हलक्या दगडाची आठवण येत नाही का?"

"तुम्हाला पाय वर घ्यायची सवय आहे, जरा हातही वर घ्या," आक्का म्हणाल्या.

भांडण झाले ते अकरा नंबरवरून. हा दगड लांबोडका, दोन्हीकडून सारखा. खड्ड्यात तो नीट बसला, पण आक्कांनी मान हलवली.

"हा उलटा बसलाय. या अंगाची माती निघता निघत नव्हती, दोनदा सोडा टाकावा लागला. म्हणजे हे अंग खाली पाहिजे."

"काय बोलतेस!" खडकावरून आवाज आला. विहीरवाले काठी टेकत टेकत वर आले होते. त्यांनी वाकून खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवले. "कसा चपखल बसलाय बघ. असा दगड बसला की मी त्याला परत हात लावत नसे."

"तुम्ही विहिरी बांधल्यात. हा मी धुतलाय."

"धुतलास म्हणून तर ही वेळ आली!"

पोरीने दोघांकडे पाहिले. दगड उलटवूनही ठेवून पाहिला. तसाही तो बसला, पण किंचित हलत होता. शेवटी तिने खड्ड्याचे ऐकले आणि तसा बाण काढला. आक्का ओठ मिटून पुढच्या दगडाकडे वळल्या. विहीरवाले जिंकल्यासारखे उतरून खडकावर जाऊन बसले.

शुक्रवारी दुपारपर्यंत अठ्ठावीस दगड आपापल्या घरी पोचले, त्यांच्यावर बाण आले, आकडे आले. तीन उरले. त्या तीन खुंट्यांपाशी गुरे फिरून गेली होती आणि खड्ड्यांच्या कडा तुडवून ढासळल्या होत्या. तिथे बसवून बघण्यात अर्थ नव्हता. जे काही होते ते आक्कांच्या आठवणीत. दोन लहान दगडांबद्दल त्यांना काहीच सांगता आले नाही. तिसरा तो हंड्याएवढा.

तो दगड म्हणजे पोरीचा जीव की प्राण होता. बाकीचे पंखे कुठेतरी तुटलेले. याच्यात टोकापासून पिसाऱ्यापर्यंत सगळा पंखा अखंड होता. दोन दिवस ती मुद्दामच त्याच्याबद्दल बोलली नव्हती. आता ती एकोणीस नंबरच्या खुंटीशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आक्का, मला वाटतं तो इथलाच. असा तिरका होता. हो ना?"

आक्कांनी दगडावर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. पोरीला काय ऐकायचे आहे ते मिटल्या डोळ्यांनीही दिसत होते. त्यांनी "हो" म्हटले असते तर पोरीने लिहून घेतले असते, आणि या तीन दिवसांचे सगळे ओझे उतरले असते. एवढे दगड सांगितलेल्या बाईवर कोण अविश्वास दाखवणार होते?

"नाही गं," आक्का म्हणाल्या. "हा मी सगळ्यांत शेवटी धुतला. हात भरून आले होते. मन घरी गेलं होतं, यांच्या चहाची वेळ झाली म्हणून. याचं पाणी कुठल्या रंगाचं निघालं, मी बघितलंच नाही."

"जरासंही नाही?"

"जरासंही सांगितलं तर ते माझ्या मनचं होईल. दगडाचं नाही."

पोरीने वहीत एकोणीस आकड्यापुढे एक आडवी रेघ मारली, वही मिटली आणि आक्कांच्या गुडघ्यावर डोके टेकले. आक्कांनी तिच्या केसांतले गवत एकेक करून काढले. त्या "नाही"ने त्यांना जेवढे दुखले तेवढे बुधवारपासून दुसऱ्या कशानेच दुखले नव्हते.

शनिवारी गाडी आली. खड्ड्यात बसवताना अठ्ठावीस दगडांना परत माती लागली होती. पोती आता आली होती. आक्का दगड पोत्यांत घालताना बघत होत्या आणि त्यांचे हात शिवशिवत होते. एकदा तर पदराचे टोक एका दगडापर्यंत पोचलेही.

"आक्का!" पोरगी, साहेब आणि ड्रायव्हर एकदम ओरडले.

"नुसतं बघत होते," आक्का म्हणाल्या.

उरलेले तीन दगड केंद्रातच राहिले. प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग नव्हता. साहेबांनी तो अखंड पंखा पुढच्या खोलीत मधोमध ठेवला आणि खाली पाटी लावली, 'दिशा माहीत नाही'. पाहुणे त्याच्यापाशीच सगळ्यांत जास्त वेळ थांबतात. आक्का त्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालतात. आता त्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही, असे त्या म्हणतात, पण त्याच्याकडे बघताना अजून त्यांच्या कपाळाला आठी पडते. व्हरांड्यात दिसेल तिथे चिठ्ठ्या लावल्या आहेत, 'विचारल्याशिवाय धुऊ नये'. अक्षर आक्कांचेच आहे.

सात महिन्यांनी पोरीचे पाकीट आले. आत एक मोठा कागद, त्यावर टेकाडाचे चित्र. प्रत्येक दगडाच्या जागी एक टिंब, आणि त्याच्या पंख्याच्या टोकातून निघालेली एक बारीक रेघ. त्या सगळ्या रेघा टेकाडाच्या वर एका जागेकडे धावत होत्या, घरी पाहुणा आला की सगळी पोरे दाराकडे धावतात तशा. पोरीने लिहिले होते, धक्का तिथून आला, हे आता नक्की झाले. काम पूर्ण झाले. परीक्षकांनी खड्ड्यात दगड परत बसवण्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली. अठ्ठावीसपैकी सत्तावीस रेघा त्या जागी जातात. एकच भलतीकडे, बरोबर उलट दिशेने, जमिनीत घुसते.

'ती अकरा नंबरची,' पोरीने लिहिले होते. 'तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. आता मागाहून मी ती बदलू शकत नाही, कारण त्या दिवशी तिथं जे लिहिलं तेच खरं धरायचं असतं. म्हणून ती चूक मी तशीच ठेवली आहे आणि खाली लिहिलं आहे की हिच्याबद्दल शंका आहे. शंका कोणाची, ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. आणि आक्का, आईला आता मी जेवणाबद्दल खरं सांगते.'

आक्कांनी पत्र दोनदा वाचले. मग घरी जाऊन कागद विहीरवाल्यांच्या पुढ्यात पसरला आणि एका रेघेवर बोट ठेवले.

"ही कोणती?"

विहीरवाल्यांनी चष्मा लावला. चित्र पाहिले. खालचा मजकूर वाचला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बोला की," आक्का म्हणाल्या. "चपखल बसलाय ना?"

विहीरवाल्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, सावकाश उलटा केला, वरची बाजू खाली, आणि तिच्यासमोर धरला.

"हे बघ," ते म्हणाले. "असा धरला की अकरा नंबर बरोबर आहे. चुकलेत ते बाकीचे सत्तावीस."